कॉम्प्युटर बिघडला? आधी भिंतीकडे बघा

गेल्या जुलैत कोपरीहून मामाचा फोन आला. "अरे, माझा सीपीयू गेला. दुकानात दाखवला तर म्हणे मदरबोर्ड उडालाय. साडेसात हजार सांगतोय." मामा त्यांच्या सोसायटीचा हिशेब ठेवतो. सप्टेंबरअखेर सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते, त्याआधी ऑडिट, आणि सगळ्या पावत्या त्या डब्यात. मी म्हटलं, "पैसे देऊ नकोस. डबा घरी घेऊन ये, रविवारी येतो."

रविवारी जमिनीवर पेपर पसरून डबा उघडला. रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी काढून खिडकीच्या उजेडात धरली, तर तिच्या सोनेरी दातांवर चहाच्या डागासारखा तपकिरी थर. मामाच्या नातीच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं, दात हलक्या हाताने पुसले, कण झटकले, पट्टी परत बसवली. टुक असा एक आवाज झाला आणि पडदा उजळला. मामाच्या चेहऱ्यावर आनंद कमी आणि साडेसात हजारांचा राग जास्त होता. "म्हणजे हे रबराने होणार होतं?" नातीला मात्र रबर काळं झाल्याचं दुःख.

ठाणे काय, नवी मुंबई काय, दोन्ही खाडीकाठची गावं. जून ते सप्टेंबर इथे डब्यातला पापड सादळतो, तशीच रॅमही सादळते. त्यात बांधकामांची धूळ आणि जुन्या इमारतींतलं वायरिंग. घरातला डेस्कटॉप म्हातारा होऊन बंद पडण्यापेक्षा या तीन गोष्टींनी बंद पडतो असा माझा अनुभव आहे. म्हणून मी दुरुस्तीला मदरबोर्डपासून सुरुवात करत नाही. वीज ज्या वाटेने येते त्या वाटेने जातो. भिंत, यूपीएस, एसएमपीएस (भिंतीतली वीज आतल्या भागांना चालेल अशी करून देणारा, डब्यातला खोका), मदरबोर्ड (सगळे भाग जिच्यावर जोडलेले असतात ती मोठी पाटी), रॅम, डिस्क, आणि शेवटी विंडोज. या वाटेवरचे सुरुवातीचे थांबे जवळजवळ फुकट असतात.

भिंत आणि अर्थिंग

बटण दाबल्यावर पंखा नाही, दिवा नाही, काहीच नाही, अशी स्थिती असेल तर त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. हसू नका, यात दोनदा माझी रिक्षा फुकट गेली आहे. मग एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस दोन्ही बाजूला ठेवून कॉम्प्युटरची वायर थेट भिंतीत लावा. डब्याच्या मागे, वायर जिथे घुसते तिथे, एसएमपीएसचा छोटा काळा खटका असतो. दिवाळीच्या साफसफाईनंतर 'कॉम्प्युटर मेला' म्हणून जे फोन येतात, त्यातले बरेचसे या खटक्याचे असतात.

आता अर्थिंग. नौपाडा, चरई, पाचपाखाडीतल्या जुन्या इमारतींत सॉकेट तीन पिनांचं असतं, पण मागे अर्थची वायर जोडलेलीच नसते. डब्याच्या उघड्या पत्र्याला किंवा यूएसबीच्या धातूला हात लागला की झिणझिण्या येतात, ही त्याची खूण. लोक म्हणतात एसएमपीएस 'लीक' आहे. बहुतेक वेळा एसएमपीएस ठणठणीत असतो. त्याच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारा फिल्टर असतो आणि त्यातले दोन छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे सुटे भाग) फेज आणि न्यूट्रल दोन्हींना पत्र्याशी जोडतात. अर्थ असेल तर ही बारीक गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्र्यावर निम्मा व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहतो. करंट फार थोडा असल्याने माणसाला नुसत्या झिणझिण्या येतात, पण चालू डब्याला टीव्ही किंवा प्रिंटरची केबल जोडताना एखादं पोर्ट जळायला तेवढं पुरतं.

तपासायचं असेल तर मल्टिमीटर एसीवर ठेवा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तितकेच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. सॉकेटमध्ये प्रोब घालायची सवय नसेल तर हे काम वायरमनला द्या. फक्त एक लक्ष ठेवा. काही जण 'अर्थ देतो' म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनला जोडून मोकळे होतात. ते अजिबात करू देऊ नका. पुढे कधी न्यूट्रल तुटला तर तुमचा अख्खा डबा २३० व्होल्टचा होईल.

यूपीएस

वीज गेली की यूपीएस शिट्टी मारायच्या आत कॉम्प्युटर बंद होत असेल तर बॅटरी संपली आहे. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारणपणे १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी असते. दोन-तीन वर्षांत तिचा दम जातो, मग यूपीएस कितीही नवा दिसो. फसवी गोष्ट अशी की वीज न जातासुद्धा, व्होल्टेज क्षणभर पडला की यूपीएस बॅटरीवर जायला बघतो, बॅटरी मेलेली असते, आणि कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होतो. घरचे विंडोजला शिव्या देतात. परीक्षा सोपी आहे. यूपीएस रात्रभर चार्ज होऊ द्या, सगळ्या फायली सेव्ह करा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. पाच मिनिटं तग धरला नाही तर बॅटरी बदला, यूपीएस नको. ६०० व्हीए म्हणजे प्रत्यक्षात ३६० वॉटच्या आसपास, तेव्हा लेझर प्रिंटर त्यावर लावू नका. गणपतीत मखराच्या माळाही नकोत.

डबा उघडताना

आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू आत पंख्याखाली दडलेला, चौकोनी बिस्किटाएवढा असतो. हा फरक माहीत असला की दुकानात 'सीपीयू बदलावा लागेल' ऐकल्यावर नेमकं काय बदलणार, हे विचारता येतं.

वायर भिंतीतून काढा आणि मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डवर उरलेला चार्ज निघून जातो. डाव्या बाजूचा पत्रा काढला की कशालाही हात लावण्याआधी मोबाइलवर तीन-चार फोटो काढा. विशेषतः पुढच्या बटणांकडून येणाऱ्या बारीक वायरींचा. त्या निघाल्या आणि फोटो नसला तर अर्धा तास गेलाच. अधूनमधून डब्याच्या उघड्या पत्र्याला बोट लावत राहा. अंगातली स्थिर वीज पत्र्यात गेलेली बरी, रॅममध्ये नको.

एसएमपीएस मात्र कधीही उघडू नका. त्यातला मोठा कपॅसिटर तीनशेच्या वर व्होल्ट साठवतो आणि वायर काढल्यावरही काही काळ धरून ठेवतो. वागळे इस्टेटमधल्या एका मित्राच्या एसएमपीएसच्या जाळीत वाळलेली पाल दिसत होती. तीसुद्धा आम्ही काढली नाही. अख्खा एसएमपीएस बदलला.

धूळ गॅलरीत काढा. घोडबंदर रोडच्या बाजूला राहत असाल तर नाकाला रुमाल बांधूनच. रंगकामाचा कोरा, कोरडा ब्रश आणि हातातला ब्लोअर एवढं पुरतं, ओलं फडकं नको. ब्लोअर मारताना पंख्याच्या पात्यात पेन्सिल अडकवा आणि तो फिरू देऊ नका, जोरात फिरला की त्याचं बेअरिंग खराब होतं. सीपीयूच्या पंख्याखालच्या धातूच्या पात्यांत धुळीची गोधडी बसलेली असते, ती निघाली की बरेचदा 'गरम होऊन बंद पडतो' ही तक्रार तिथेच मिटते. नाही मिटली तर पंखा उतरवून जुनी थर्मल पेस्ट (सीपीयूची उष्णता वरच्या धातूकडे नेणारा लेप) पुसा आणि मटारच्या दाण्याएवढी नवी लावा. श्रीखंडासारखी थापू नका. इंटेलच्या सीपीयूच्या खोक्यात येणाऱ्या कूलरला (पंखा आणि त्याखालचा धातू) चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. त्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत, जोडीजोडीने, 'टक' आवाज येईपर्यंत दाबायच्या. मग बोर्डच्या कडेने वाकून बघा, चारही बाहेर आल्या आहेत ना. एक जरी अर्धवट राहिली तर कूलर तिरका बसतो आणि सीपीयू १०० अंशांकडे धावतो.

पंखा फिरतो, पडद्यावर काही नाही

सगळ्यात जास्त लोक इथेच लुबाडले जातात.

आधी मॉनिटरची केबल बघा. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डातच हवी, बोर्डच्या पोर्टात नव्हे. मॉनिटरचा इनपुट व्हीजीएवर आहे की एचडीएमआयवर, तेही त्याच्या बटणांनी तपासा.

मग रॅम. दोन पट्ट्या असतील तर दोन्ही काढा. दात पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर उत्तम. खोडरबर हा घरगुती उपाय, तोही मऊ रबराचा आणि हलक्या हाताने, कारण सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. खाचेतही ब्लोअर मारा. मग एकच पट्टी लावून चालू करा. नाही झाला तर तीच पट्टी दुसऱ्या खाचेत, मग दुसरी पट्टी आधी पहिल्या आणि नंतर दुसऱ्या खाचेत. दोन पट्ट्या, दोन खाचा, चार प्रयोग. पट्टी खराब की खाच, हे इथेच कळतं. पट्टी बसवताना दोन्ही टोकं दाबली गेली पाहिजेत. एका बाजूची कडी लागली आणि दुसरी नाही, हे फार होतं.

बोर्डला छोटा स्पीकर असेल तर ऐका. एकच आखूड 'टुक' म्हणजे बहुधा सगळं ठीक. थांबत-थांबत येत राहणारे लांब आवाज बहुतेक रॅमकडे बोट दाखवतात. बाकीचे आवाज कंपनीगणिक बदलतात, त्यासाठी बोर्डचं पुस्तक बघा.

रॅमने झालं नाही तर बोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी, सीआर२०३२. ती तीन व्होल्टची असते. मीटरवर २.७ च्या खाली गेली असेल तर बदला, पन्नास रुपयांच्या आसपास काम होतं. तारीख-वेळ रोज मागे जाणं ही तिची ओळखीची खूण, पण ती पार उतरल्यावर काही बोर्ड पडद्यावर यायलाच नकार देतात. वायर काढून, बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवून परत बसवली की बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डातल्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगही मूळपदावर येतात.

अजून अंधार? आता डबा उपाशी ठेवा. डिस्क, डीव्हीडी, ग्राफिक्स कार्ड, पुढच्या यूएसबीच्या वायरी, सगळं सोडवा. बोर्ड, सीपीयू, त्याचा पंखा आणि एक रॅम एवढंच ठेवा (सीपीयूत अंगचं ग्राफिक्स नसेल तर कार्ड ठेवावं लागेल). या स्थितीत पडदा आला तर एकेक गोष्ट परत जोडत जा. जी जोडल्यावर पुन्हा बंद पडेल ती गुन्हेगार. बटणच अडकलंय असा संशय असेल तर पुढच्या बटणाची वायर काढून त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा.

पंखा दोन सेकंद फिरून थांबतो, परत फिरतो, असं होत असेल तर एसएमपीएस तपासायचा. त्याचा २४ पिनांचा जाड कनेक्टर बोर्डमधून काढा, सीपीयूजवळचा छोटा चौकोनी कनेक्टरही काढा. २४ पिनांत एकच हिरवी वायर असते. हे सगळं भिंतीची वायर काढलेली असताना. हिरवी आणि शेजारची काळी यांच्यात सरळ केलेली यू-पिन घाला, मग वीज द्या. एसएमपीएसचा पंखा फिरला तर तो निदान जिवंत आहे. मीटर डीसीवर ठेवून पिवळी आणि काळी मोजा. १२ व्होल्टच्या वायरीवर ११.४ ते १२.६ च्या दरम्यान आकडा हवा, लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५. यात बसला म्हणजे तो निर्दोष सुटला असं नाही, भार आल्यावर कोसळणारे एसएमपीएस असतात. पण यात बसला नाही तर नक्कीच बाद. सगळ्या वायरी काळ्या असतील तर रंगावरून अंदाज लावू नका, मित्राचा चालता एसएमपीएस लावून बघा.

इथपर्यंत येऊनही काही हाललं नाही आणि बोर्डवरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले किंवा तपकिरी द्रव सांडलेले दिसले, तर मदरबोर्ड गेला हे मान्य करायला हरकत नाही.

चालतो, पण रांगतो

टास्क मॅनेजर उघडा आणि कॉम्प्युटर चालू केल्यानंतरची पहिली पाच मिनिटं डिस्कच्या रकान्याकडे बघा. तो १०० टक्क्यांना चिकटून बसला आणि सीपीयू वीस-तीसवर आहे, तर तुमची जुनी हार्ड डिस्क सगळ्यांना ताटकळत ठेवते आहे. एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) घ्यायचीच आहे, पण आधी जुनीची प्रकृती बघा. 'क्रिस्टल डिस्क इन्फो' हे फुकट सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसं आहे. त्यात तीन ओळी वाचा. ०५ म्हणजे खराब झाल्याने बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्याने लटकलेले. हे दोन वाढत असतील तर त्याच दिवशी डेटा दुसरीकडे काढा. डिस्क दुरुस्त करायची आज्ञा देऊ नका, मरायला टेकलेल्या डिस्कला ती चिरडते. तिसरी ओळ सी७. हा आकडा वाढत असेल तर बहुतेक वेळा दोष डिस्कचा नसतो, साटा केबलचा, म्हणजे डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या वायरचा, असतो. ती केबल शंभर-दीडशे रुपयांत मिळते.

डेटा काढताना आपल्या लोकांची एक गोष्ट हमखास राहते. फॉन्ट. श्रीलिपी किंवा आयएसएम या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली मंडळाची घटना, कुलवृत्तांत, पंधरा वर्षांची इतिवृत्तं नव्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती रोमन चिन्हांची खिचडी दिसते, कारण ती अक्षरं युनिकोडमध्ये नाहीत, त्या फॉन्टवर अवलंबून आहेत. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्ट आधी कॉपी करा. सॉफ्टवेअरची किल्ली म्हणजे मागे लावायचा डोंगल असेल तर तो जुन्या डब्याबरोबर भंगारात जाऊ देऊ नका.

पैसे कशावर घालायचे

एसएसडीवर. हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, साधी साटा एसएसडी (केबलने जोडायची) साडेपाचशेपर्यंत, एनव्हीएमई (थेट बोर्डात बसणारी एसएसडी) तीन हजारांच्या पुढे. पण जाणवतो तो फरक या आकड्यांचा नाही, शोधण्याचा आहे. हार्ड डिस्कच्या सुईला योग्य जागी जायला दहा-बारा मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याचा शंभरावा भाग. म्हणून साटावरून एनव्हीएमईवर गेल्याचा आनंद घरच्या कामात थोडाच, हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर गेल्याचा प्रचंड. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या बहुतेक बोर्डांवर एनव्हीएमईवरून विंडोज सुरू होत नाही, तिथे २.५ इंची साटाच घ्या. जुनी विंडोज जशीच्या तशी उचलायची तर क्लोनझिला हे फुकट सॉफ्टवेअर आहे, मी मात्र नवीन विंडोज घालतो. दहा वर्षांचा कचरा नव्या घरात कशाला न्यायचा?

मग रॅम. ८ जीबीवर ब्राउझर आणि एक्सेल सुखाने चालतं, १६ असेल तर विचारच करायला नको. डीडीआर३, ४, ५ एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत. तिन्ही पट्ट्यांच्या दातांमधला काप वेगवेगळ्या जागी असतो, जोर लावला तर बोर्डवरची खाच मोडेल. चार खाचा असतील तर दोन पट्ट्या शक्यतो सीपीयूपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा.

सीपीयू बदलण्याच्या मोहात फार पडू नका. इंटेलची सहावी-सातवी आणि आठवी-नववी पिढी एकाच एलजीए ११५१ सॉकेटची आहे. दिसायला बसते, पण सहाव्या-सातव्या पिढीसाठीच्या एच११० बोर्डावर आठव्या पिढीचा चिप चालत नाही. एएमडीच्या एएम४ बोर्डांत मात्र बायोस अपडेट करून बरंच पुढे जाता येतं. ग्राफिक्स कार्ड घेणार असाल तर आधी एसएमपीएसचा विचार करा, 'साडेचारशे वॉट' छापलेला हलका एसएमपीएस ते वॉट देईलच असं नाही.

विंडोज ११ चं काय

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या-पासवर्ड सुरक्षित ठेवणारी सोय) आणि इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका किंवा त्यापुढचा सीपीयू लागतो, त्यात तुरळक अपवाद. 'तुमचा कॉम्प्युटर चालणार नाही' असं आलं तर लगेच नवा घेऊ नका. बरेचदा टीपीएम बायोसमध्ये नुसतं बंद असतं. इंटेलमध्ये ते पीटीटी नावाने सापडेल, एएमडीत एफटीपीएम. ते चालू करून परत तपासा. एवढं करूनही नाही जमलं तर चौथ्या पिढीच्या आय३ वर एसएसडी घालून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाका. ब्राउझर, बँक, पत्रं, मराठी टायपिंग सगळं होतं. टॅली लागत असेल तर मात्र विंडोजवरच राहावं लागेल.

खरेदी

केबल, बॅटरी, पेस्ट असल्या गोष्टींना ठाणे स्टेशन परिसर किंवा वाशीचं सेक्टर १७ पुरे. रॅम-एसएसडी-बोर्ड एकदम घ्यायचं असेल तर मुंबईतला लॅमिंग्टन रोड. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. रविवार टाळा, बहुतेक दुकानं बंद असतात. जुनी रॅमपट्टी सोबत न्या, बोर्डवरच्या नावाचा फोटो काढून ठेवा. तीन दुकानांत भाव विचारा, पण भाव कमी मिळतोय म्हणून बिलाशिवाय घेऊ नका. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस सेंटर तोच नंबर विचारतं. फार स्वस्तात 'नवीन' एच६१ बोर्ड (खूप जुन्या पिढीच्या सीपीयूंचे) दाखवले जातात, ते जुन्या चिपवर नव्याने बनवलेले असतात. तात्पुरतं भागवायला ठीक, सोसायटीच्या हिशेबाला नको.

मामाच्या डब्यात आम्ही शेवटी २५० जीबीची साटा एसएसडी आणि सीआर२०३२ घातली. जुनी डिस्क आतच ठेवली, बॅकअपला. यूपीएसची बॅटरीही बदलली. जुनी घेऊन दुकानात गेलो, कारण शिशाच्या बॅटऱ्या कचऱ्यात टाकायच्या नसतात आणि बॅटरीवाला जुनीचे पैसे नवीनमधून वळते करून घेतो. मामाने ते दोनदा मोजले.